हसता हसता स्वतःची ओळख : प्रवासाचे विनोदी चित्रपट कसे पाहावेत?



रसग्रहण म्हटलं की आपल्याला कविता आठवते. आशय लिहायचा, भाषेचं सौंदर्य सांगायचं, संदेश शोधायचा आणि गुण मिळवायचे. पण रसग्रहण चित्रपटाचंही करता येतं. आज आपण चित्रपटांचा एक प्रकार घेऊ, जो तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेला आहे. दोन-चार माणसं कुठेतरी निघतात, वाटेत फजिती होते, आपण पोट धरून हसतो आणि चित्रपट संपता संपता ती माणसं बदललेली दिसतात. म्हणजे प्रवास, मैत्री आणि स्वतःचा शोध यांचा विनोदी चित्रपट.

या पाठात आपण तीन गोष्टी शिकू. अशा चित्रपटाची रचना कशी असते, त्यातला चांगला विनोद कसा ओळखायचा, आणि लोणारसारख्या गावात राहून आपल्याला अशी गोष्ट लिहिता येईल का.

१. प्रवासच का?

विचार करा. गावात आपण कोण आहोत हे सगळ्यांना माहीत असतं. अमक्याचा मुलगा, तमक्याची सून, पहिल्या बाकावरची हुशार मुलगी, मागच्या बाकावरचा खोडकर पोरगा. एकदा शिक्का बसला की बसला. आपणही त्या शिक्क्याप्रमाणे वागू लागतो. खोडकर पोरगा कधी शांत बसला, तर लोक विचारतात, "काऊन रे, बरं नाही का?"

प्रवासात मात्र आपल्याला कोणी ओळखत नाही, त्यामुळे तो शिक्का गावातच राहतो. दुसरी गोष्ट म्हणजे प्रवासात आपलं काही चालत नाही. गाडी चुकते, पाऊस येतो, पाकीट हरवतं, भाषा कळत नाही. घरी रुबाबात वावरणारा माणूस परक्या बसस्थानकावर गोंधळून उभा राहतो. हा गोंधळ पाहणाऱ्याला विनोदी वाटतो आणि ज्याचा होतो त्याला काहीतरी शिकवून जातो. विनोद आणि स्वतःची ओळख या दोन गोष्टी एकाच जागेतून निघतात, म्हणून प्रवासाच्या चित्रपटात त्या इतक्या सहज एकत्र येतात.

तिसरी गोष्ट सोबतीची. एकटा माणूस स्वतःला फसवू शकतो, पण सोबत असलेला मित्र फसू देत नाही. तो टोकतो, चिडवतो, कधी भांडतो. आरशासारखंच काम तो करतो, फक्त आरसा बोलत नाही आणि मित्र बोलल्याशिवाय राहत नाही!

आपल्याकडे याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे वारी. शेगावहून पंढरपूरला जाणारी श्री गजानन महाराजांची पालखी परतीच्या वाटेवर आपल्या जिल्ह्यातून येते, हे तुम्ही पाहिलेलं आहे. वारीत सगळे एकमेकांना 'माऊली' म्हणतात. गावात कोण मोठा, कोण लहान, हे दिंडीत मागे पडतं. पंगतीत कोणाच्या शेजारी बसायचं हे ठरवता येत नाही. प्रवास माणसाचं रोजचं नाव बाजूला काढून ठेवतो, हे वारकऱ्यांना चित्रपट यायच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

२. ही परंपरा जुनी आहे

हा प्रकार चित्रपटांनी शोधून काढलेला नाही. स्पेनमधल्या सर्व्हांतेस या लेखकाची 'डॉन किहोते' ही कादंबरी १६०५ आणि १६१५ मध्ये दोन भागांत आली. शौर्याच्या गोष्टी वाचून वाचून डोकं फिरलेला एक म्हातारा स्वतःला वीर योद्धा समजून निघतो आणि सांचो नावाचा साधा शेतकरी गाढवावर बसून त्याच्यासोबत जातो. एक स्वप्नात, एक जमिनीवर. दोन विरुद्ध स्वभावांच्या सोबत्यांची ही जोडी नंतरच्या कितीतरी गोष्टींत आणि चित्रपटांत पुन्हा पुन्हा दिसते.

मराठीत पु. ल. देशपांडे यांची 'म्हैस' आठवा. कोकणातून मुंबईला निघालेल्या गाडीची म्हशीला धडक बसते आणि गाडी अडकून पडते. बस्स, एवढंच घडतं. पण थांबलेल्या गाडीत प्रत्येक प्रवाशाचा खरा स्वभाव बाहेर पडतो. गाडी चालू असती तर तो दिसला नसता.

आणि लक्ष्मणराव देशपांडे यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला'! आपल्या भागातल्या मुलांना नाव ऐकून वाटतं, हे आपल्या वऱ्हाडाबद्दल असेल. तसं नाही. इथे 'वऱ्हाड' म्हणजे लग्नाला निघालेली मंडळी. मराठवाड्यातलं गावाकडचं वऱ्हाड थेट लंडनला जातं आणि ही पन्नासहून अधिक पात्रं एकटे देशपांडे रंगमंचावर उभी करत. ना नेपथ्याचा डामडौल, ना सोबतीला दुसरा नट. बोली, आवाज आणि अंगविक्षेप एवढ्याच भांडवलावर प्रेक्षक विमानात बसून यायचे.

३. मुख्य सूत्र : हसण्याची दिशा

आता पाठाचा गाभा. हा मुद्दा वहीत लिहून घ्या.

*प्रवासाच्या चांगल्या विनोदी चित्रपटात हसण्याची दिशा बदलते. सुरुवातीला लोक एका माणसावर हसतात. शेवटी तो माणूस लोकांबरोबर हसतो. ही दिशा बदलण्याचं काम मैत्री करते.*

म्हणून असा चित्रपट पाहताना तीन प्रश्न विचारायचे :

(अ) सुरुवातीला कोण कोणावर हसतंय?
(आ) वाटेत त्या माणसाच्या बाजूने कोण उभं राहिलं?
(इ) शेवटी कोण हसतंय, आणि कोणासोबत?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यासारखंच आलं, तर चित्रपट गमतीदार असू शकतो, पण त्यात कोणाला स्वतःची ओळख झालेली नसते. चला, हे सूत्र चार चित्रपटांना लावून पाहू.

४. उदाहरण पहिले : 'इंग्लिश विंग्लिश' (२०१२)

चित्रपट हिंदी असला तरी घर मराठी आहे. शशी गोडबोले ही पुण्यातली गृहिणी. लाडू सुरेख करते, विकतेसुद्धा. पण इंग्रजी येत नाही. 'जॅझ' या शब्दाचा उच्चार ती 'झाझ' करते आणि घरात हशा पिकतो. हसणारे कोण? नवरा आणि पोटची मुलगी. श्रीदेवीने या प्रसंगांत मोठमोठ्याने रडणं टाळलं आहे. ती कसनुसं हसते आणि कामाला लागते. ते हसणं आपल्याला जास्त लागतं.

मुलीच्या शाळेतला पालकसभेचा प्रसंग मुद्दाम पुन्हा पाहा. शशी शिक्षकांना हिंदीत बोलायची विनंती करते. शिक्षक केरळचे, त्यांचं हिंदी कच्चं. म्हणजे दोघांनाही एकेक भाषा नीट येत नाही! दोघं एकमेकांना सांभाळून घेत बोलतात. दोन्हीकडची अडचण सारखीच आहे. पण मुलीला लाज वाटते ती फक्त आईची. कोणती भाषा न येणं 'चालतं' आणि कोणती न येणं 'चालत नाही', हे दिग्दर्शिका गौरी शिंदे यांनी एका साध्या प्रसंगात दाखवलं आहे. शिंदे मूळच्या पुण्याच्या. त्यांच्या आई घरून लोणच्याचा व्यवसाय करत आणि हा चित्रपट आईवरूनच सुचला, असं त्यांनी सांगितलेलं आहे.

मग शशी भाचीच्या लग्नासाठी एकटी न्यूयॉर्कला जाते. कॉफीच्या दुकानात काउंटरवरची बाई भराभर प्रश्न विचारते, शशी गांगरते आणि रडत बाहेर पडते. इथपर्यंत हसण्याची दिशा तीच आहे. वळण येतं ते इंग्रजीच्या चार आठवड्यांच्या वर्गात. तिथे फ्रेंच आचारी आहे, पाकिस्तानी टॅक्सीचालक आहे, तमिळ संगणक अभियंता आहे, मेक्सिकोची मुलं सांभाळणारी बाई आहे. सगळेच चुकतात! सगळेच चुकत असतील तर कोण कोणावर हसणार? इथे शशी पहिल्यांदा मोकळेपणाने हसते. चूक तीच असते, पण सोबत बदलल्यावर ती चूक लाज न राहता गंमत होते.

शेवटी लग्नात ती इंग्रजीत चार शब्द बोलते. तुटक बोलते, पण कोणी हसत नाही. नवऱ्याची आणि मुलीची मान खाली जाते. आणि परतीच्या विमानात ती वर्तमानपत्र मागते, तेही हिंदी! अनेकांच्या लक्षात न येणारी ही जागा फार महत्त्वाची आहे. इंग्रजी आल्यावर तिने स्वतःची भाषा टाकली नाही. प्रवासाला निघालेली शशी इंग्रजी शोधत होती. परतताना तिच्याकडे इंग्रजी होतीच, पण आपली भाषा वापरायची हिंमतही आली होती.

५. उदाहरण दुसरे : 'थ्री इडियट्स' (२००९)

हा तर तुम्हाला तोंडपाठ असेल. कॉलेजच्या आठवणी इतक्या जोरदार आहेत की हा मुळात प्रवासाचा चित्रपट आहे, हे आपण विसरतो. फरहान आणि राजू हरवलेल्या मित्राला, रँचोला, शोधायला निघतात. वाट शिमल्यावरून लडाखपर्यंत जाते आणि पँगाँग सरोवराच्या काठी संपते. वाटेत आठवणी उलगडतात. फरहानने अभियांत्रिकी सोडून वन्यजीव छायाचित्रण कसं निवडलं, राजूची भीती कशी गेली, हे आपल्याला प्रवासातच कळतं. या दोघांना आपलं सूत्र अगदी बरोबर लागू पडतं. रँचोच्या मैत्रीने त्यांना स्वतःसमोर उभं केलं.

पण गाडीत तिसरा माणूस आहे. चतुर. त्याला सूत्र लावून पाहा.

चतुर युगांडात जन्मला, पाँडिचेरीत शिकला. हिंदी त्याची नाही. कार्यक्रमात भाषण करायचं म्हणून तो ते न समजता पाठ करतो. त्याच्या भाषणातले शब्द गुपचूप बदलले जातात आणि सगळं सभागृह त्याच्यावर लोळून हसतं. थिएटरमध्ये आपणही हसलो. शशीला इंग्रजी येत नाही म्हणून हसणारे आपल्याला वाईट वाटतात. मग चतुरला हिंदी येत नाही म्हणून हसणारे आपण कोण?

रँचोला यातून घोकंपट्टीतला फोलपणा दाखवायचा होता, हे खरं. चतुर गर्विष्ठ आहे, हेही खरं. पण पूर्ण चित्रपटात चतुरवरच्या हसण्याची दिशा एकदाही बदलत नाही. सुरुवातीला त्याच्यावर हसू, शेवटी सरोवराच्या काठीही त्याच्यावरच हसू. एवढा प्रवास करून त्याला कोणी मित्र मिळाला नाही. चित्रपट चांगला आहे, तुम्ही तो जरूर पाहा. पण आवडत्या चित्रपटातली उणी बाजू दाखवता येणं, हेही रसग्रहणच आहे. उत्तरपत्रिकेत नुसतं 'चित्रपट अप्रतिम आहे' लिहिणाऱ्यापेक्षा चतुरबद्दल दोन ओळी लिहिणारा विद्यार्थी जास्त बारकाईने पाहतो.

६. उदाहरण तिसरे : 'झिम्मा' (२०२१)

हेमंत ढोमे दिग्दर्शित 'झिम्मा' नोव्हेंबर २०२१ मध्ये आला. कोरोनानंतर राज्यातली चित्रपटगृहं नुकतीच उघडली होती. वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या घरांतल्या सात बाया इंग्लंडच्या सहलीला जातात. सोबत कबीर नावाचा तरुण सहल-संयोजक. सुहास जोशी यांची इंदू सर्वांत ज्येष्ठ, तर निर्मिती सावंत यांची निर्मला घरसंसारातच आयुष्य गेलेली.

नाव किती नेमकं आहे पाहा. झिम्मा हा मंगळागौरीचा खेळ. त्यात समोरचीच्या हातावर टाळी द्यावी लागते. म्हणजे तो एकटीला खेळताच येत नाही. या चित्रपटात प्रत्येकीचं काहीतरी आत दडलेलं आहे आणि ते एकटीने सुटत नाही. दुसरीने हात पुढे केल्यावर सुटतं.

इथे विनोद कुठून येतो? सवयींच्या टकरींतून. एकीची शिस्त, दुसरीचा भोळेपणा, तिसरीची घाई. सुरुवातीला बाया एकमेकींना नावं ठेवतात. मग एकाच गाडीत, एकाच मुक्कामी राहून राहून ती नावं गळून पडतात. आपल्या आई-आज्यांना हा चित्रपट इतका आवडला त्याचं कारण इंग्लंड नाही. बचत गटाची सहल शेगावला किंवा सिंदखेड राजाला गेली तरी हेच घडतं. घरी कधी न गाणारी मावशी गाडीत बसली की गायला लागते. चार दिवस चुलीचा विचार नाही, कोणी 'चहा ठेव' म्हणणारं नाही. तेवढ्या मोकळ्या जागेत माणसाला आपला आवाज ऐकू येतो.

२०२३ मध्ये 'झिम्मा २' आला. इंदूच्या पंच्याहत्तरीच्या निमित्ताने या बाया पुन्हा जमतात. प्रवासातली मैत्री घरी आल्यावर टिकते का, हा प्रश्न तिथे विचारला आहे. सहलीवरून आल्यावर 'फोन करत जाऊ' म्हणणारे आपण किती जणांना फोन करतो, हे स्वतःला विचारून पाहा.

७. उदाहरण चौथे : 'नवरा माझा नवसाचा' (२००४)

सचिन पिळगावकर यांचा हा चित्रपट म्हणजे मुंबई ते गणपतीपुळे असा एसटीचा प्रवास. नवऱ्यासाठी बोललेला जरा अवघडच नवस फेडायचा राहून गेलेला, म्हणून बायको त्याला घेऊन निघते. गाडीत नमुनेदार प्रवासी आणि कंडक्टरच्या भूमिकेत अशोक सराफ! कंडक्टरचं तिकीट फाडणं, ओरडणं, प्रवाशांना सांभाळणं हे त्यांनी इतकं हुबेहूब केलं आहे की खऱ्या कंडक्टरलाही हसू यावं.

सूत्र लावलं तर काय दिसतं? इथे माणसं बदलण्यावर भर नाही. चढताना जो जसा होता, उतरताना साधारण तसाच आहे. भर आहे तो गाडीतल्या धमालीवर. हा दोष समजू नका. जत्रेत जाऊन पाळण्यात बसल्यावर आपण 'मला यातून काय शिकायला मिळालं' असं विचारत नाही. पण रसग्रहण करताना फरक ओळखता आला पाहिजे. प्रवासाची गंमत सांगणारे चित्रपट वेगळे आणि प्रवासातून स्वतःची ओळख सांगणारे वेगळे.

८. हा विषय आपल्यासाठी महत्त्वाचा का आहे?

आता खरं बोलू. लोणारमधून दरवर्षी मुलं-मुली शिकायला पुण्याला, छत्रपती संभाजीनगरला, नागपूरला जातात. तुमच्यापैकीही बरेच जातील. तिथे पहिल्याच आठवड्यात तुम्ही 'मला' ऐवजी 'मले' म्हणाल आणि कोणीतरी हसेल. जाऊन आलेली मुलं हे सांगतात. काही जण म्हणतात, "सर, मी वर्गात बोलणंच सोडून दिलं." हुशार मुलगा 'मले' या दोन अक्षरांपायी गप्प बसतो. ही गोष्ट लहान नाही.

लोक का हसतात? त्याचं एक कारण पडद्यावर आहे. आपल्याकडच्या अनेक चित्रपटांत आणि कार्यक्रमांत गावाकडची बोली विनोदासाठीच ठेवलेली असते. नायक प्रमाण मराठीत प्रेम करतो, वकील प्रमाण मराठीत युक्तिवाद करतो, आणि वऱ्हाडी बोलणारा आला की समजायचं, आता हसायचंय. वर्षानुवर्षं हे पाहिल्यावर प्रेक्षकाच्या कानाला सवयच लागते. बोली कानावर पडली की विनोद यायच्या आधीच हसू फुटतं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भारत गणेशपुरे यांच्यासारख्या कलावंताने वऱ्हाडी बोलूनच महाराष्ट्रभर नाव मिळवलं. ते बोलीवर हसवत नाहीत, बोलीतून हसवतात. तिच्यातला तिरकसपणा, लांबवलेला सूर, सरळ चेहऱ्याने मारलेली कोपरखळी, ही आपल्या भाषेची ताकद आहे. आणि २०१८ चा 'नाळ' पाहा. विदर्भातल्या खेड्यात घडणारी गोष्ट, तिथल्याच बोलीत. चैत्या बोलतो तेव्हा आपल्याला हसू येतं, पण ते त्याच्या निरागस विचारांना. त्याच बोलीत पुढे आपल्याला रडूही येतं. ज्या भाषेत हसता येतं आणि रडताही येतं, ती भाषा पूर्ण असते. तिला प्रमाणपत्राची गरज नसते.

म्हणून शशी गोडबोलेकडून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. प्रमाण मराठी शिका, इंग्रजी शिका, मन लावून शिका. परीक्षेला, मुलाखतीला, कार्यालयात ती लागणारच. पण परतीच्या गाडीत बसलात की आईला फोन करून "मले घ्यायले या" म्हणायची लाज वाटू देऊ नका. आणि उद्या तुमच्या वर्गात कोकणातला, गडचिरोलीतला किंवा बिहारचा मुलगा अडखळला, तर हसणाऱ्यांत बसू नका. आपल्या सूत्रातला (आ) प्रश्न आठवा : त्याच्या बाजूने कोण उभं राहिलं? चित्रपटात ती भूमिका दुसरा कोणी करतो, वर्गात ती तुम्हाला करता येते.

९. लांब जायलाच हवं का?

तुम्ही म्हणाल, सर, न्यूयॉर्क, इंग्लंड, लडाख! आमच्याकडे मेहकरची एसटी वेळेवर लागली तरी खूप झालं. मग आम्ही काय लिहायचं?

परेश मोकाशी यांचा 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४) पाहा. ज्ञानेश आणि त्याची धाकटी बहीण पंढरपूर सोडून कुठेही जात नाहीत. वडिलांनी बनवलेली 'एलिझाबेथ' नावाची सायकल विकली जाऊ नये म्हणून ही पोरं मित्रांना घेऊन कार्तिकीच्या यात्रेत आईच्या नकळत बांगड्यांचं दुकान लावतात. सगळा प्रवास गावातल्या गल्ल्यांतून. तरी शेवटी पोरं मोठी झालेली दिसतात. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे किलोमीटर किती झाले याला महत्त्व नाही.

आणि आपल्याकडे तर सरोवर आहे. लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. गणितातलं परिघाचं सूत्र लावा : साडेपाच किलोमीटरपेक्षा थोडं जास्त. एका सकाळचं चालणं. जगभरातले लोक बेसाल्ट खडकात उल्केच्या आघाताने तयार झालेलं हे विवर पाहायला येतात. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा देशभरच्या बातम्यांत आपलं गाव झळकलं. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला, असं तपासणीत आढळलं. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. आणि गावात असेही आहेत, जे पाहुणे आल्याशिवाय काठावर जात नाहीत!

इथेच तुमची गोष्ट आहे. दोन मित्र घ्या. एक पुढच्या आठवड्यात पुण्याला शिकायला जाणार आहे, दुसरा घरच्या शेतीसाठी मागे राहणार आहे. निघण्याआधी दोघं काठाकाठाने फेरी मारायचं ठरवतात. जाणाऱ्याने नवीन बूट घातलेत, ते चावतात. राहणारा वाटेत भेटलेल्या पर्यटकांना माहिती सांगायला जातो आणि अर्धी चुकीची सांगतो. चुकीची माहिती ऐकून एखादी आजी त्याचे कान उपटते. हसायला भरपूर आहे. पण दोघांच्या मनात एक प्रश्न आहे, जो दोघंही विचारत नाहीत : हा मला विसरेल का? गोल वाटेची गंमत अशी की फेरी पूर्ण झाली की माणूस निघालेल्या जागीच येतो. जागा तीच, मग बदललं काय? ते तुम्ही लिहायचं.

(प्रत्यक्ष फेरी मारायची असेल तर मोठ्यांना सोबत घ्या. हे अभयारण्य आहे. वनविभागाचे नियम पाळा, कचरा टाकू नका, कडेला उभं राहून फोटो काढू नका.)

१०. गोष्ट लिहिताना लक्षात ठेवा

१. *निघण्याचं कारण साधं ठेवा.* नवस, लग्न, हरवलेला मित्र, विकली जाणारी सायकल. 'मी स्वतःला शोधायला निघालो' असं पात्राने म्हटलं की गोष्ट तिथेच बसते. पात्र दुसरंच काही शोधत असावं.

२. *सोबती वेगळ्या स्वभावाचा असू द्या.* दोघंही बडबडे असतील तर भांडण होणार नाही आणि भांडण नाही तर विनोदही नाही.

३. *विनोद परिस्थितीतून काढा.* कोणाचं जाड असणं, काळं असणं, तोतरं बोलणं, बोली बोलणं यावर हसवणं सोपं असतं. पण त्यात ज्याच्यावर हसतो त्याचं काहीतरी हिरावलं जातं.

४. *मध्ये एक शांत प्रसंग ठेवा.* सतत हसवलं तर वाचक थकतो. शशीचं कॉफीच्या दुकानातून बाहेर पडणं आठवा. त्या प्रसंगामुळे पुढचं हसणं मोलाचं होतं.

५. *शेवटी उपदेश नको.* बदल कृतीतून दाखवा. विमानात मागितलेलं एक वर्तमानपत्र पुरेसं असतं.

स्वाध्याय

प्र. १. हसण्याची दिशा बदलते म्हणजे काय? या पाठातल्या एका चित्रपटाच्या आधारे ८ ते १० ओळींत लिहा.

प्र. २. 'थ्री इडियट्स'मधला चतुर आणि 'इंग्लिश विंग्लिश'मधली शशी यांची तुलना करा. दोघांच्या वाट्याला आलेल्या सोबत्यांत काय फरक आहे?

प्र. ३. 'झिम्मा' हे शीर्षक कसं योग्य आहे, ते तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

प्र. ४. घरातल्या मोठ्या माणसाला (आई, आजी, काका) त्यांच्या एखाद्या फजितीच्या प्रवासाबद्दल विचारा. त्यांनी सांगितलं तसं, त्यांच्याच बोलीत लिहून आणा. एकही शब्द 'शुद्ध' करू नका.

प्र. ५. सरोवराच्या काठाने फिरणाऱ्या त्या दोन मित्रांची गोष्ट १५० ते २०० शब्दांत पूर्ण करा. संवाद वऱ्हाडीत लिहिले तरी चालतील. चालतील कशाला, तसेच लिहा!

चौथ्या प्रश्नाची उत्तरं आपण वर्गात मोठ्याने वाचणार आहोत. हसायला येईलच. फक्त आजीवर हसायचं नाही, आजीबरोबर हसायचं.